चुकांच्या बाई आणि सगळ्यांच्या घरचा कुत्रा

…नाही, ते नको खोडूस. राहू दे तसंच. बाईंवर लिहायला बसायचं आणि खाडाखोड करायची, म्हणजे बाई आधी विचारतील, खाली काय लिहिलं होतं ते दाखव. मी बोलते तसं लिही. शाळेच्या अंकात छापणार आहेत म्हणून माझ्या बोलण्याला इस्त्री मारू नकोस. बाई निवृत्त होतायत, शिकलेसवरलेले सगळे त्यांच्यावर लिहिणार. मी काय, शाळेची मावशी. वर्ग उघडायचे, घंटा वाजवायची, पाणी भरायचं. मला अक्षर येत नाही. पण साहेब तपासणीला आले त्या दिवशी वर्गाच्या दारात मीच उभी होते. हेडसरांनीसुद्धा अर्धंच पाहिलं, कारण अर्धा वेळ ते घाम पुसत होते.

पण आधी बाई आल्या ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला काय कळणार.

बाईंच्या आधी इंग्रजीला एक मास्तर होते. माणूस वाईट नव्हता, पण लाल शाईवर फार जीव. तपासलेली वही परत आली की वाटायचं वहीला गोवर आलाय. माझी लेक, म्हणजे तुझी आई, तेव्हा त्यांच्या वर्गात. घरी तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही आणि वर्गात गेली की दातखीळ. इंग्रजीचं तर तिने सोपं करून टाकलं होतं. जितकं कमी लिहायचं तितकं लाल कमी. असं करत करत ती कोरं पान द्यायला लागली. कोऱ्या पानात चूक कुठून निघणार? पोरं तिला मुकी म्हणायची. मी पाण्याची बादली घेऊन वर्गावरून जायचे तेव्हा कानावर पडायचं. काय करणार, दुसऱ्याच्या पोराला रागावता येतं, पण सगळ्या वर्गाला कसं रागावणार.

मग मास्तरांची बदली झाली आणि या बाई आल्या. तात्पुरत्या म्हणून आल्या होत्या, हे लिही, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वय असेल तुझ्या मावशीएवढं, आता आहे तेवढं. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र असा की मैदानातलं पोर जागेवर थांबावं. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, मावशी, तुमच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी आहे का जास्तीची? मला वाटलं बाईंना राहायला जागा नवीन, कपड्यांसाठी हवी असेल. मी दिली, वर चिमटेही दिले. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले तर दोरी वर्गात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्यावर कागद लटकलेले.

काय होतं, तर चुका. मुलांनी इंग्रजीत केलेल्या चुका.

बाईंची रीतच तशी होती. आठवडाभर लिहायचं, मनात येईल ते लिहायचं. मग शनिवारी ज्याने त्याने आपली एक चूक निवडून कागदावर मोठ्या अक्षरात काढायची आणि दोरीवर टांगायची. दुसऱ्याची टांगायची नाही, तो गुन्हा. मग उभं राहून सांगायचं की ही चूक आली कुठून. चूक करणारा स्वतः हसला तरच बाकीच्यांनी हसायचं. आणि ज्याची चूक सगळ्यांना जास्त आवडेल त्याला पुढचा आठवडाभर खिडकीजवळची जागा. त्या खिडकीतून सायकल दुरुस्तीचं दुकान दिसायचं, तिथे दिवसभर काही ना काही उलटं टांगलेलं असायचं, त्यामुळे त्या जागेसाठी पोरं जीव टाकायची.

मी शनिवारी मुद्दाम त्या वर्गाबाहेरचा व्हरांडा पुसायला घ्यायचे. एवढा स्वच्छ व्हरांडा शाळेत दुसरा नव्हता.

एक पोरगा होता, त्याचं नाव आम्ही डोकेखाऊ ठेवलं होतं. त्याने लिहिलं होतं, माझा भाऊ माझं डोकं खातो. इंग्रजीत तसंच्या तसं, शब्दाला शब्द लावून. बाई म्हणाल्या, हे वाचून गोरा माणूस पोलिसांना बोलावेल. आधी तो हसला, मग वर्ग हसला, मग बाहेर मी. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, मला भूक चिकटली. का रे, तर आपण म्हणतो ना भूक लागली, आणि कागदाला डिंक लावला की तोही लागतो. बाईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, बघा, हा विचार न करता चुकलेला नाही, विचार करून चुकलाय. अशी चूक करायला डोकं लागतं.

एकदा मी बाईंना विचारलं, की ही पोरं कामाचा शब्द नेहमी मागे का टाकतात. त्या म्हणाल्या, मावशी, आपण म्हणतो मी शाळेत जाते. आधी मी, मग शाळा, आणि शेवटी जाते. इंग्रजी बोलणाऱ्याला तेवढा धीर नाही. त्याला मी झालं की लगेच जाते पाहिजे, मग कुठे जायचं ते नंतर बघू. मला एकदम पटलं. तुझे आजोबा एसटीच्या डेपोत होते ना, तिथला साहेब तसाच होता, आधी निघायचा आणि मग विचारायचा कुठे चाललोय.

आता तुझी आई. पहिले काही शनिवार तिने काही टांगलं नाही. टांगायला लिहायला तर पाहिजे. बाईंनी तिला काही म्हटलं नाही. मग एका शनिवारी मी पुसत होते आणि आतून एक बारीक आवाज आला. मी फडकं पिळायचं सोडून तशीच बसून राहिले. तुझ्या आईचा आवाज. ती आपली चूक सांगत होती, आणि ती सांगता सांगता हसली, आणि मग सगळा वर्ग हसला, आणि ती अजून हसली. चूक काय होती ते मला आता आठवत नाही. फरशी दोनदा पुसली गेली एवढं आठवतं, कारण बादली कलंडली होती.

आणि अशा बाई जायची वेळ आली.

झालं असं की मुलांच्या वह्या घरी जायला लागल्या. आणि वह्यांवर लाल नाही. चुका तशाच, वर मुलं आनंदात. बापांना काय वाटणार? बाप लोक जमले. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, पण चूक कशी दिसते ते ओळखीचं होतं, लाल असते ती. म्हणाले, ही बाई तपासतच नाही, फुकट पगार खाते. त्यात तुझे आजोबाही होते, हो, तेच. डेपोत टायर बदलून आले, हात न धुता अंगठा देऊन आले. मी म्हटलं, अहो, पोरगी बोलायला लागली आहे, दिसत नाही का? तर म्हणाले, बोलते पण चुकीचं बोलते. तक्रार वरच्या कचेरीत गेली. कचेरीतून उत्तर आलं, की साहेब तपासणीला येतील, मुलांचं लिखाण बघतील, आणि बाईंना ठेवायचं की काढायचं ते तिथेच ठरेल.

हे पोरांना कळलं आणि घराघरात रडारड. तुझी आई जेवेना. डोकेखाऊ तर बापाशी बोलेना. आता बाप लोक गडबडले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तक्रार मागे घ्यायला गेले तर कचेरीतला माणूस म्हणाला, बाण सुटला, आता काय परत घेताय. मग यांनी डोकं लढवलं. आणि ही डोकी एकत्र आली की देव रक्षण करो.

साहेब येणार त्या दिवशी मुलांनी माझं घर असा निबंध घरून लिहून आणायचा होता. बापांनी ठरवलं, निबंध बिनचूक झाला पाहिजे, म्हणजे बाई वाचल्या. आणि बिनचूक इंग्रजी गावात कोणाला येतं? कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टला. आयुष्यभर त्याने लोकांचे अर्ज टाइप केले होते. रजेचा अर्ज, नळाचा अर्ज, हरवलेल्या पिशवीचा अर्ज. तुझे आजोबाच त्याच्याकडे गेले. त्याने चष्मा पुसला, बोटं मोडली, आणि माझं घर टाइप करून दिलं. एकच. मग तो कागद घरोघर फिरला आणि प्रत्येक मुलाला बसवून उतरवून घेतला. आमच्या घरीही. तुझी आई म्हणत होती, बाबा, आपल्याकडे कुत्रा नाही. आजोबा म्हणाले, साहेब काय मोजायला येणार आहेत? लिही.

सकाळी बाईंनी कागद घेतले. पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्यानंतर वाचणं थांबवलं. तोवर साहेबांची गाडी फाटकात. हेडसर म्हणाले, काय सुंदर अक्षर, लावा भिंतीवर. बाई मुलांकडे बघत राहिल्या. मुलं जमिनीकडे. मला वाटलं आता कागद फाडतील. पण म्हणाल्या, मुलांनी आणलंय ते लागेल, मी बदलणार नाही. आणि स्वतःच्या हातांनी सगळे कागद दोरीवर टांगले.

साहेब आत आले. उंच, वाळके, चष्मा कपाळावर चढवलेला. फाटकाबाहेर बाप लोक भांग पाडून उभे. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात.

साहेबांनी पहिला कागद वाचला. मान हलवली. दुसरा वाचला. तिसरा वाचला. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेले, प्रत्येक कागदाच्या फक्त पहिल्या ओळीवर बोट ठेवत. मला तेव्हा काही कळत नव्हतं, बाईंनी नंतर सांगितलं तेव्हा मी भिंतीला टेकून हसले. टायपिस्टला अर्जच येत होते ना. तर प्रत्येक निबंधाची सुरुवात अशी, की महोदय, मी अत्यंत नम्रपणे कळवू इच्छितो की मला एक घर आहे. घरापुढे बाग, बागेत कारंजं, दारात पांढरा कुत्रा. आणि शेवटी, तरी माझ्या घराचा सहानुभूतीने विचार व्हावा ही विनंती.

साहेब बाईंना म्हणाले, "या वस्तीत कुत्रा एक आणि मालक सगळे, असं आहे का?"

हेडसरांनी रुमाल काढला.

बाई म्हणाल्या, "नाही साहेब. हे मुलांनी लिहिलेलं नाही."

झालं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, असं वाटलं मला. गप्प बसल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं. साहेबांनी विचारलं, मग मुलांनी लिहिलेलं कुठे आहे? बाई म्हणाल्या, अजून लिहायचंय, तुम्हीच सांगा त्यांना.

साहेबांनी कोरे कागद वाटायला लावले आणि मुलांना सांगितलं, घराबद्दल लिहा, बागेत जाऊ नका. वर्गात पेन्सिलींचा आवाज सुरू झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, उंदीर कुरतडतात तसा, पण गोड. हेडसर घड्याळाकडे, बाई खिडकीबाहेर, आणि मी तुझ्या आईकडे. तिची पेन्सिल चालत होती.

लिहून झालं. साहेबांनी कागद गोळा केले, टेबलाशी बसले आणि खिशातून पेन काढलं. लाल.

तोच डोकेखाऊ उठला, हात वर करून. म्हणाला, साहेब, थांबा. माझी चूक मी सांगणार.

साहेबांना वाटलं पोरगा घाबरलाय. म्हणाले, बस बाळ, मी बघतो. तर हा म्हणाला, नाही, तुम्ही आधी बघितली तर माझी जागा जाईल. आणि त्याच्यामागून दुसरा हात वर, तिसरा, सगळा वर्ग हात वर करून ओरडायला लागला, माझी आधी, माझी मोठी आहे, साहेब माझ्यात तर दोन आहेत. अगं, दुसऱ्या शाळांत साहेब आला की पोरं चुका लपवतात. आमची पोरं चुका घेऊन साहेबांच्या अंगावर धावत होती. खिडकीची जागा कोणाला मिळणार याचीच त्यांना चिंता, बाईंची नोकरी आणि तपासणी ते केव्हाच विसरले होते. हेडसर म्हणत होते, शांत, शांत. कोण ऐकतंय.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सांगितलं की आमच्याकडे अशी रीत आहे. साहेबांनी पेनाला टोपण घातलं नाही, पण हात खाली घेतला. म्हणाले, बरं, सांगा.

एकेक पोर उठलं. माझ्यात इथे ए, द असला बारका शब्द राहिला, कारण आपल्या भाषेत तो नसतोच. मी कालचं आजसारखं लिहिलं, कारण ती गोष्ट मला अजून दिसते. साहेब ऐकत होते आणि कागदावर ती चूक शोधत होते, आणि ती तिथेच सापडत होती. त्यांचा चेहरा बदलत गेला. सुरुवातीला तो कचेरीतला होता, मग हळूहळू घरातला झाला.

आणि मग मागून तुझ्या आईचा हात वर गेला.

मी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, वाच, आणि तुला काय म्हणायचं होतं ते आपल्या भाषेत सांग. तिने इंग्रजीत वाचलं, अडखळत, पण शेवटपर्यंत. मग म्हणाली, "मला म्हणायचं होतं, आमच्या घरी कुत्रा नाही. आमच्या घरी शाळेची किल्ली असते. माझी आई रोज शाळा उघडते. सगळे आत जातात. मग ती बाहेर उभी राहते. तिने एकदा आत बसावं."

साहेबांनी विचारलं, आणि चूक? ती म्हणाली, "उघडते हा शब्द मी शेवटी टाकला. तो मधे पाहिजे, मला माहीत आहे. पण आई तसं बोलते, म्हणून हात तिकडे गेला."

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. विचारलं, ही चूक आता कोण दुरुस्त करणार? तुझी आई म्हणाली, मीच, पण आधी टांगायची आहे. मग साहेब उठले, दोरीवरचा एक कुत्रा खाली काढला, आणि त्या चिमट्याने तिचा कागद लावला. आपल्या हाताने. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि खिडकीची जागा एकमताने तिला. साहेब जरा तिथेच घुटमळले, मला वाटतं त्यांनाही एखादी चूक सांगायची होती.

मी आत गेले नाही. पाणी द्यायचंच राहिलं. पदराने तोंड पुसत होते.

जाताना साहेबांनी हेडसरांना सांगितलं, की हा वर्ग या बाईंकडेच राहील, कागद मी पाठवतो. हेडसर म्हणाले, मी हेच म्हणत होतो साहेब. मग फाटकाशी बाप लोकांपुढे साहेब थांबले. सगळे एकमेकांच्या मागे लपायला बघत होते, आणि सगळेच मागे कसे लपणार. साहेब एवढंच म्हणाले, कुत्रा छान आहे तुमचा, पण मुलं त्याच्यापेक्षा चांगली लिहितात. तुझे आजोबा घरी आले ते मान खाली घालून. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात कोणी भेटलं की त्यांना विचारायचं, काय हो, कुत्रा बांधला का? आणि तो टायपिस्ट, त्याला अजून वाटत होतं की साहेबांना भाषा आवडली.

बाई राहिल्या. तात्पुरत्या होत्या त्या कायमच्या झाल्या, आणि आता निवृत्त होतायत. मधल्या काळात किती पोरांनी किती चुका टांगल्या, कोण मोजणार. दोरी मात्र मला चार वेळा नवीन आणावी लागली. तुझी आई आज मोठ्या दवाखान्यात कामाला आहे, देशोदेशीचे आजारी लोक येतात, दिवसभर त्यांच्याशी इंग्रजीत बोलते. अजून चुकते म्हणते. आजारी माणूस हसला की ती समजते, आज काहीतरी मस्त चुकलं.

थांब, आवरू नकोस, एक राहिलं. मला हे लिहून घ्यायचंच होतं ते यासाठी. साहेबांनी तुझ्या आईला विचारून तिचा तो कागद बरोबर नेला. निघताना दारात माझ्याशी थांबले आणि म्हणाले, मावशी, मग बसणार ना आत? माझ्या एका हातात तांब्या, एका हातात पदर. मी उत्तर दिलंच नाही. आणि ते परत कधी आले नाहीत, कचेरीच बदलली त्यांची.

पुढच्या शनिवारी बाईंनी दार उघडं ठेवलं आणि मला हाक मारली. मी गेले. शेवटच्या बाकावर, तुझ्या आईशेजारी. गुडघे बाकाखाली मावेनात. अक्षर काही बसलं नाही माझ्या हातात, ते सांगते खरं खरं, पण जितके शनिवार जमले तितके बसले.

तर हा अंक ज्याच्या हातात पडेल त्याला माझी विनंती आहे. उंच, वाळके, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेले, तपासणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले साहेब तुमच्या ओळखीत, शेजारात, नात्यात कुठे असतील, तर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, उत्तर द्यायला उशीर झाला, पण मावशी आत बसली.